हॅमिल्कारची निनावी कन्या : प्राचीन कार्थेजवरील प्रणयकादंबरी आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हटले जाते, त्याचे नावच मुळी एका प्राचीन प्रणयकथेवरून आलेले आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने 'कादंबरी' ही गद्य प्रणयकथा रचली आणि त्याच लेखणीतून 'हर्षचरित' हे राजचरित्रही उतरले. इतिहास आणि प्रणय यांचा हा शेजार पुढे आधुनिक काळात ऐतिहासिक कादंबरीत नव्याने दिसू लागला. ह. ना. आपटे यांच्या 'चंद्रगुप्त'मुळे प्राचीन काळावर बेतलेली कादंबरी मराठी वाचकालाही परिचित आहे.

प्राचीन काळावर प्रणयकादंबरी लिहिणाऱ्या लेखकासमोर एक मूलभूत अडचण असते. प्राचीन साधने युद्धे, तह, खंडण्या आणि राजवंश यांविषयी बोलतात. माणसांच्या अंतःकरणाविषयी, विशेषतः स्त्रियांविषयी, ती बहुतेक मौन पाळतात. प्रणयकथेला मात्र नेमके तेच हवे असते जे साधनांत नसते. हे मौन लेखक कशाने भरतो, आणि एकदा भरलेले मौन पुढे इतिहास म्हणून वावरू लागते काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार फ्रेंच कादंबरीकार ग्युस्ताव्ह फ्लोबेर याच्या 'सालांबो' (१८६२) या कादंबरीच्या आधारे केला आहे. या कादंबरीची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. तिच्या मुळाशी असलेले प्राचीन साधन आजही उपलब्ध असल्याने कल्पना आणि आधार यांची तुलना शक्य होते. आणि तिच्या ऐतिहासिकतेविषयी खुद्द लेखकाचा तत्कालीन समीक्षकांशी व पुरातत्त्वज्ञांशी झालेला वाद लिखित स्वरूपात उपलब्ध आहे.

पराभूत नगराची साधने

कार्थेज हे आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील फिनिशियन वंशाचे व्यापारी नगर. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले. नगरातील ग्रंथसंग्रह आफ्रिकेतील लहान राजांना वाटून टाकण्यात आले. केवळ मागो या लेखकाचा शेतीविषयक २८ भागांचा ग्रंथ लॅटिनमध्ये भाषांतरित करण्याचा आदेश रोमन सीनेटने दिला, असे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. शेतीची विद्या विजेत्यांना उपयोगी होती, जितांचा इतिहास नव्हता. परिणामी कार्थेजचा स्वतःने लिहिलेला इतिहास आज उपलब्ध नाही. त्या नगराविषयी जे काही वाचावयास मिळते ते प्रामुख्याने ग्रीक व रोमन लेखकांकडून, म्हणजे बहुतांशी शत्रुपक्षाकडून किंवा त्याच्या आश्रयाने लिहिले गेलेले आहे.

या लेखनात कार्थेजच्या स्त्रीला एक ठराविक भूमिका मिळालेली दिसते. व्हर्जिलच्या महाकाव्यातील डायडो ही राणी रोमच्या आद्य पुरुषावर प्रेम करते आणि त्याने सोडून जाताच आत्मघात करते. लिव्हीच्या इतिहासातील सोफोनिस्बा ही सेनापती हास्द्रुबालची कन्या; न्युमिडियाच्या सिफॅक्सशी तिचा विवाह राजकीय मैत्रीसाठी करून देण्यात आला, आणि त्याच्या पराभवानंतर इ. स. पूर्व २०३ मध्ये मासिनिस्साने पाठविलेले विष तिने प्राशन केले. पहिली दंतकथेतील, दुसरी इतिहासातील. परंतु दोघींचाही शेवट प्रेम आणि मृत्यू यांच्या संगमावर झालेला दाखविला आहे. फ्लोबेरच्या नायिकेचा शेवट पाहताना ही रोमन परंपरा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एका वाक्यातील कन्या

पहिले प्युनिक युद्ध (इ. स. पूर्व २६४ ते २४१) संपले तेव्हा कार्थेजचा खजिना रिता झाला होता. रोमला एकूण ३,२०० टॅलेंट चांदी द्यावयाची होती. त्यांपैकी १,००० तत्काळ आणि उरलेली दहा वर्षांत. सिसिलीतून परतलेल्या सुमारे २०,००० भाडोत्री सैनिकांचा पगार थकला होता. नगरात त्यांचा उपद्रव वाढल्याने प्रत्येकाला किरकोळ खर्चासाठी एक सुवर्णनाणे देऊन सिक्का या गावी धाडण्यात आले. पुढे हिशेबाची घासाघीस सुरू झाली आणि तिचे पर्यवसान बंडात झाले. रोमन स्वामीकडून पळून आलेला कॅम्पानियातील गुलाम स्पेंडियस आणि लिबियन सैनिक माथो हे बंडाचे नेते बनले. तीन वर्षे चार महिने चाललेल्या या युद्धाचे सविस्तर वर्णन पॉलिबियसने आपल्या इतिहासाच्या पहिल्या खंडात केले आहे. क्रौर्य आणि नियमभंग या बाबतींत आपल्याला ज्ञात असलेल्या सर्व युद्धांना या युद्धाने मागे टाकले, असा अभिप्रायही त्याने दिला आहे.

या संपूर्ण कथनात स्त्रियांचा उल्लेख जवळजवळ नाही. दोन ठिकाणे मात्र महत्त्वाची आहेत. रोमशी चाललेल्या युद्धाच्या काळात कार्थेजने लिबियन शेतकऱ्यांकडून निम्मे पीक घेतले होते आणि नगरांचा कर दुप्पट केला होता. करवसुलीसाठी आपले पती आणि पिते ओढून नेले जाताना ज्यांनी पाहिले, त्या लिबियन स्त्रियांनी आपले दागिने बंडाच्या खर्चासाठी काढून दिले, असे पॉलिबियस सांगतो. हे पहिले ठिकाण.

दुसरे ठिकाण हॅमिल्कार बार्काच्या छावणीतील आहे. हॅमिल्कार शत्रूच्या वेढ्यात सापडला असताना नारावास हा न्युमिडियन सरदार सुमारे शंभर घोडेस्वारांसह छावणीपाशी आला. घोडा व भाला मागे ठेवून निःशस्त्र आत गेला आणि त्याने मैत्रीची इच्छा व्यक्त केली. त्याच्या धैर्यावर व सरळपणावर प्रसन्न होऊन हॅमिल्कारने त्याला आपल्या मोहिमेत सहभागी करून घेतले आणि तो कार्थेजशी एकनिष्ठ राहिल्यास आपली कन्या त्याला देण्याचे वचन दिले. नारावास सुमारे २,००० न्युमिडियन घेऊन आला. पुढच्या लढाईत बंडखोरांचे १०,००० सैनिक पडले आणि ४,००० कैद झाले.

त्या कन्येचे नाव पॉलिबियस देत नाही. तिचे वय, तिची इच्छा, विवाह झाला किंवा नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने ती एका लष्करी कराराचे कलम आहे. सोफोनिस्बाच्या विवाहाशी ताडून पाहिले असता हे एक प्रस्थापित धोरण असल्याचे दिसते: न्युमिडियन घोडदळावाचून कार्थेजचे सैन्य लंगडे होते, आणि त्या घोडदळाची निष्ठा विवाहसंबंधांनी बांधून घेतली जात असे. याच एका वाक्यातून फ्लोबेरची नायिका जन्माला आली.

कादंबरीचे घडण

'मादाम बोव्हारी'वरील खटल्यातून १८५७ च्या प्रारंभी मुक्त झाल्यावर फ्लोबेरने समकालीन फ्रान्सकडे पाठ फिरवून कार्थेजचा विषय हाती घेतला. १८५८ मध्ये एप्रिल ते जून या काळात त्याने ट्युनिस व परिसराचा प्रवास केला. प्युनिक कार्थेजचे फारच थोडे अवशेष तेव्हा दृष्टीस पडत होते. फाल्ब या डॅनिश अधिकाऱ्याचा स्थलवर्णनपर ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ब्युले याचे बिर्सा टेकडीवरील उत्खनन १८५९ मध्ये, म्हणजे या प्रवासानंतर झाले. याचा अर्थ असा की कादंबरीतील नगर मुख्यतः ग्रंथांच्या वाचनातून उभे राहिले आहे.

युद्धाचा सांगाडा फ्लोबेरने पॉलिबियसकडून जवळजवळ जसाच्या तसा घेतला. थकलेला पगार, सिक्काकडे रवानगी, गिस्कोचा छळ, डोंगरकपारीत कोंडलेल्या बंडखोरांची उपासमार आणि शेवटी माथोची नगरातून काढलेली यातनामय धिंड, हे सर्व मूळ साधनात आहे. त्यात नव्याने घातली गेली ती प्रणयकथा. हॅमिल्कारच्या उद्यानातील मेजवानीत माथो त्याच्या कन्येला पाहतो व तिच्या ध्यासाने झपाटून जातो. तानित देवीचे पवित्र वस्त्र तो स्पेंडियसच्या साहाय्याने चोरतो. ते परत मिळविण्यासाठी पुजाऱ्याच्या प्रेरणेने ती एकटी शत्रूच्या तंबूत जाते. शेवटी नारावासशी विवाह होत असताना, छळाने मरणाऱ्या माथोला पाहून तीही प्राण सोडते. पॉलिबियसच्या कथनात या वस्त्राचा किंवा तंबूतील भेटीचा मागमूसही नाही.

नायिकेला दिलेले नावही सूचक आहे. सालांबो हे कोणा ऐतिहासिक स्त्रीचे नाव नसून सिरियन-फिनिशियन देवतेचे आहे; उत्तरकालीन रोमन साधनांत ते प्रियकराच्या मृत्यूवर शोक करणाऱ्या देवीसाठी येते. साधनातील निनावी मुलीला अशा प्रकारे एका शोकमग्न देवीचे नाव मिळाले. नाव मिळाले तरी व्यक्तित्व कितपत मिळाले, हा प्रश्न उरतोच. डायडो आणि सोफोनिस्बा यांच्या पंक्तीत तिसरी स्त्री येऊन बसली. रोमन लेखकांनी घालून दिलेला साचा मोडला गेला नाही.

समीक्षक, पुरातत्त्वज्ञ आणि कादंबरीकार

कादंबरी नोव्हेंबर १८६२ मध्ये प्रसिद्ध होताच डिसेंबरमध्ये सांत-बव्ह या ज्येष्ठ समीक्षकाने तिच्यावर तीन लेख लिहिले. कार्थेज आणि तिचे भाडोत्री सैनिक यांच्याशी आधुनिक वाचकाचे कोणतेही आंतरिक नाते नाही, आणि लेखकाला क्रौर्यवर्णनाची नको तितकी ओढ आहे, असे त्याचे मुख्य आक्षेप होते. त्यापाठोपाठ लूव्र संग्रहालयातील पुरातत्त्वज्ञ फ्रोनर याने कादंबरीतील प्राचीन तपशिलांच्या अचूकतेवरच हल्ला चढविला.

फ्लोबेरने दोघांनाही उत्तर दिले. फ्रोनरला त्याने एकेका तपशिलाचा ग्रंथाधार दाखवून दिला. मात्र आपल्या पुस्तकाला प्रस्तावना नाही, टीपा नाहीत, तेव्हा पुरातत्त्वाचा दावा आपण केलेलाच नाही, असेही सांगितले. हे दोन बचाव परस्परांशी पूर्णपणे सुसंगत नाहीत. ज्याने दावा केला नाही त्याला आधारांची यादी देण्याचे कारण नसते. ऐतिहासिक कादंबरीकाराची ही द्विधा स्थिती पुढेही अनेकदा दिसून आली आहे: प्रशंसा होते तेव्हा ती संशोधनाची असावी असे त्याला वाटते आणि चूक दाखविली जाते तेव्हा तो कलावंताच्या स्वातंत्र्याचा आश्रय घेतो.

सांत-बव्हला लिहिलेले पत्र अधिक प्रांजळ आहे. कादंबरीत माथो व स्पेंडियस जलवाहिनीतून नगरात शिरतात. परंतु त्या काळी कार्थेजमध्ये अशी जलवाहिनी नसावी, असे आपले खाजगी मत असल्याचे फ्लोबेरने त्यात मान्य केले आहे. आज दिसणाऱ्या जलवाहिनीचे अवशेष रोमन काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहेत. पुतळ्याच्या मानाने चबुतरा फार मोठा झाला, नायिकेसाठी आणखी शंभर पाने हवी होती, अशी कबुलीही त्याने दिली. याहूनही महत्त्वाचे विधान नायिकेच्या वास्तवतेविषयीचे आहे. पौर्वात्य स्त्रीच्या सहवासात वावरणे शक्य नसल्यामुळे तिला कोणीही, प्राचीन वा अर्वाचीन, जाणू शकत नाही, अशा आशयाचे कारण तो देतो.

या कारणाचा पुनर्विचार करणे गरजेचे आहे. हॅमिल्कारची कन्या अज्ञात राहिली ती 'पौर्वात्य' असल्यामुळे नव्हे. तिच्या नगराचे ग्रंथ नष्ट झाले आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्या ग्रीक इतिहासकाराला तिचे नाव नोंदविण्याची आवश्यकता वाटली नाही, म्हणून ती अज्ञात राहिली. विध्वंस आणि उपेक्षा यांतून निर्माण झालेल्या अभावाला फ्लोबेरने पूर्वेचे गूढ मानले. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर आक्रमण केले होते आणि १८८१ मध्ये ट्युनिशियावरही आपले संरक्षकत्व लादले, ही पार्श्वभूमी येथे दुर्लक्षिता येत नाही. एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, फ्लोबेरला इजिप्तमध्ये भेटलेली नर्तकी स्वतः कधीच बोलत नाही. तिच्या वतीने तोच बोलतो. सालांबोच्या बाबतीतही हेच घडले आहे.

कल्पनेचा उत्खननावरील ठसा

कादंबरीतील सर्वांत गाजलेले प्रकरण मोलोख देवतेसमोरील बालबळींचे आहे. पॉलिबियसने या युद्धात असा प्रसंग वर्णिलेला नाही. त्याचा आधार डायोडोरसच्या ग्रंथात सापडतो. परंतु तेथील प्रसंग इ. स. पूर्व ३१० मधील, अगाथोक्लीसच्या स्वारीच्या वेळचा, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे आधीचा आहे. डायोडोरसच्या म्हणण्याप्रमाणे उच्चकुलीनांची दोनशे मुले तेव्हा बळी देण्यात आली. फ्लोबेरने तो प्रसंग उचलून आपल्या कथेत बसविला.

इ. स. १९२१ मध्ये कार्थेजच्या प्राचीन बंदरांजवळ एक पवित्र आवार सापडले. त्यात लहान बालकांच्या व कोवळ्या पशूंच्या जळालेल्या अस्थी असलेले कलश आणि त्यांवर उभारलेल्या शिळा होत्या. हिब्रू धर्मग्रंथातील शब्द घेऊन त्याला 'तोफेत' म्हटले जाऊ लागले. हे आवार ज्या उपनगरात आहे त्याचे नाव सालांबो. ते फ्लोबेरच्या कादंबरीवरून पडलेले आहे. कल्पित नायिकेचे नाव वस्तीला, रेल्वेस्थानकाला आणि शेवटी एका महत्त्वाच्या पुरातत्त्वीय स्थळाला मिळाले. उत्खननाचा अर्थ लावू पाहणाऱ्याच्या मनात मोलोखचे प्रकरण आधीच ठाण मांडून बसलेले असावे, हे स्वाभाविक होते.

वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची ठरली. ऑटो आइसफेल्ट यांनी १९३५ मध्ये असे प्रतिपादन केले की प्युनिक लेखांतील 'मोल्क' हा शब्द देवतेचा नसून विधीचा वाचक आहे. हे मत ग्राह्य धरल्यास कादंबरीतील अग्निमुख दैवताचे अस्तित्वच संशयास्पद ठरते. २०१० मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अस्थींच्या परीक्षणावरून असे मांडले की अनेक बालके जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर लवकरच नैसर्गिक कारणांनी मरण पावली असावीत. याउलट २०१३ मध्ये झेला, क्विन आणि सहकाऱ्यांनी शिलालेख, स्थळाचे स्वरूप व ग्रंथ यांच्या एकत्रित आधारे बळीविधीच्या बाजूने युक्तिवाद केला. हा वाद मिटलेला नाही. मिटेपर्यंत अभ्यासकाने सावध राहणे इष्ट. कारण शत्रूंनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, तसेच कादंबरीने रंगविली म्हणून ती सिद्धही होत नाही.

शिळांवरील स्त्रिया

तोफेतच्या शिळांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली, आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. अमुकाचा पुत्र अमुक याने तानित व बआल हम्मोन यांना नवस फेडला, अशा ठराविक साच्यातील हजारो लेख कार्थेजमध्ये मिळाले आहेत. नवस फेडणारे बहुसंख्य पुरुष असले तरी त्यांत स्त्रियाही आहेत. अरिशतसारखी नावे तेथे पित्याच्या व पूर्वजांच्या नावांसह कोरलेली दिसतात. या स्त्रियांनी स्वतःच्या नावाने नवस केले, ते फेडले आणि त्याची नोंद दगडावर करवून घेतली. कार्थेजच्या स्त्रियांचे त्यांच्याच भाषेतील हे उल्लेख ग्रीक किंवा रोमन मध्यस्थाविना आजच्या वाचकापर्यंत पोहोचले आहेत.

येथे साधनांची एक विलक्षण विभागणी दिसते. पॉलिबियसकडे हॅमिल्कारच्या कन्येची घटना आहे, नाव नाही. शिळांवर नावे आहेत, घटना नाहीत. नवस कशासाठी होता, मनात काय होते, हे दगड सांगत नाही. लिबियन स्त्रियांच्या दागिन्यांच्या बाबतीत कृती आहे, तिचे कारणही आहे. परंतु त्यांतील एकही स्त्री नावाने ओळखता येत नाही. प्रणयकादंबरीने या तिन्हींमधून सेनापतीच्या कन्येला निवडले. माथोच्या सैन्याचा खर्च ज्यांच्या दागिन्यांतून भागला, त्या स्त्रियांपैकी कोणी नायिका झाली नाही. साधनांतील मौन कोणत्या ठिकाणी भरावयाचे, ही निवडसुद्धा निरपेक्ष नसते, असे यावरून म्हणता येईल.

निष्कर्ष

१. 'सालांबो'मधील युद्धकथा पॉलिबियसच्या कथनाशी बव्हंशी प्रामाणिक आहे. प्रणयकथा मात्र कल्पित आहे. कादंबरी वर्गात वापरताना हे दोन थर वेगळे करून दाखविता येतात, आणि तसे करणे हेच साधनचिकित्सेचे उत्तम शिक्षण ठरू शकते.

२. कादंबरीतील चुका केवळ जलवाहिनीसारख्या तपशिलांत शोधणे पुरेसे नाही. अधिक खोल परिणाम प्रणयकथेच्या साच्याचा असतो. कार्थेजची स्त्री प्रेमापायी मरते, हा साचा विजेत्यांच्या वाङ्मयातून आला आणि सहानुभूतीने लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या हातूनही तोच पुन्हा वापरला गेला.

३. कादंबरीचा प्रभाव वाचकांपुरता राहत नाही. तो गावाच्या नावात, स्थळाच्या नावात आणि उत्खननाविषयीच्या अपेक्षांतही उतरतो. त्यामुळे प्राचीन काळावरील ललित लेखन हा इतिहासलेखनाच्या इतिहासाचा भाग मानून अभ्यासला पाहिजे.

४. तरीही या कादंबरीचे एक श्रेय नाकारता येत नाही. पॉलिबियसच्या त्या वाक्यावरून शतकानुशतके वाचक पुढे जात राहिले. त्यातील कन्या कोण, असा प्रश्न फ्लोबेरने विचारला. त्याने दिलेले उत्तर इतिहास म्हणून टिकत नाही, परंतु प्रश्न टिकतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अभ्यासकाला आता देवीच्या उसन्या नावापेक्षा शिळांवरील अरिशतच्या नावाकडे वळावे लागेल.